सीझनचा हिशोब: ना-नफा नाटक संस्था जगतात कशावर?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना होणारी पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय नेहमीपेक्षा थोडा घरचा आहे. राजे-लढाया नाहीत, किल्ले नाहीत. आज आपण नाटक संस्थांचा इतिहास बघणार आहोत, आणि तोही रंगमंचाच्या मागच्या बाजूनं. पैसा कुठून आला, जागा कुणी दिली, कोण किती दिवस टिकलं आणि का बंद पडलं, हे बघू.

हे आत्ताच का, तर आमच्या भुसावळच्या हौशी संस्थेची वार्षिक सभा तोंडावर आली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो आणि संध्याकाळी या संस्थेत लाईट आणि हिशोब बघतो. यंदाच्या सीझनमध्ये आम्ही एक पूर्ण लांबीचं नाटक केलं, दोन एकांकिका केल्या, शाळेतल्या मुलांचं एक शिबिर घेतलं. आणि ताळेबंदात तूट आली. खजिनदार काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "औंदाचं झालं भो, पुढचं वरीस थांबू." सभेत हाच ठराव येणार आहे: एक वर्ष नवीन नाटक नको.

आता आमच्या कंपनीत दर दोन आठवड्यांचं काम संपलं की सगळे बसतात आणि तीन प्रश्न विचारतात. काय नीट झालं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. त्याला आम्ही रेट्रो म्हणतो. नाटकाच्या सीझनचा असा रेट्रो घ्यायचा तर मोजायचं काय? फक्त जमा-खर्च मोजला तर उत्तर काकांनी दिलंच आहे. पण मराठी नाटकाच्या इतिहासात ज्या संस्थांचं नाव आपण आज आदरानं घेतो, त्यांनी हाच एक आकडा बघितला असता तर त्यातल्या बऱ्याच पहिल्याच वर्षी बंद झाल्या असत्या. मग त्या चालल्या कशावर? आजचा सगळा भाग या एका प्रश्नाचा आहे.

राजा गेला, तिकीट आलं

सुरुवात सांगलीहून करू. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तिथून मोजतो आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. पण त्या प्रयोगामागे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. खर्च दरबाराचा, प्रेक्षक दरबाराचे. तिकीट हा प्रकारच नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर शंभर टक्के अनुदानावर चाललेली संस्था.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि तो आधार गेला. नाटकं बसलेली आहेत, माणसं तयार आहेत, सामान आहे, पण खर्च कोण करणार? मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. गावोगावी खेळ केले, मुंबईला आले, आणि १८५३ मध्ये तिथे तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटक धंद्याला लागलं ते असं, गरजेपोटी.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, नाटक चांगलं की वाईट याचा या बदलाशी संबंधच नव्हता. भाव्यांचं नाटक १८५१ मध्ये अचानक वाईट झालं नव्हतं. ज्या खांबावर मंडळी उभी होती तो खांब पडला, एवढंच.

हाऊसफुल्ल आणि कर्ज

पुढची साठ-सत्तर वर्षं नाटक मंडळ्यांची. किर्लोस्कर मंडळी, ललितकलादर्श, गंधर्व नाटक मंडळी. मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला आणि आपलं भुसावळ त्या मार्गावरचं मोठं जंक्शन झालं. एक फाटा नागपूरकडे, एक खंडव्याकडे. पडदे, पेट्या, आचारी, नट असा पन्नास-पाऊणशे माणसांचा संसार एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणं रेल्वेमुळे शक्य झालं. नाटक मंडळी म्हणजे एक चालतं-फिरतं गावच.

आणि खान्देशाचा या काळाशी एक खास धागा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी लहानपणी गाण्याचे धडे जळगावात मेहबूब खान यांच्याकडे घेतले. जळगावात आजही त्यांच्या नावानं दरवर्षी संगीत महोत्सव होतो, तो उगाच नाही.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. लोकप्रियता अशी की आज आपल्याला कल्पना करणंही अवघड. पण खर्चही तसाच. रंगमंचावर खरे गालिचे, भारी शालू, उंची अत्तरं, आणि बिऱ्हाडी रोज उठणाऱ्या पंगती. तिकिटं विकली जात होती, थिएटर भरत होतं, आणि मंडळी कर्जात होती. १९२१ च्या सुमाराला हे कर्ज डोक्यावर होतं. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिलं. स्वतः कर्जात असलेला माणूस एका रात्रीचा गल्ला देशकार्याला देतो. हे आपल्याला भारावून टाकतं, पण हिशोब ठेवणाऱ्याला घामही फोडतं.

शेवटी बोलपट आला आणि मंडळ्यांचा प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात उभे राहिले. म्हणजे बघा, भरलेलं थिएटर हीसुद्धा टिकण्याची हमी नाही. आमचे काका म्हणतात तसं "तिकीट खपलं की सगळं ठीक" असं इतिहासात दिसत नाही.

गॅस कंपनीतला कारकून

आता जरा पॅरिसला जाऊ, कारण ज्या जातीच्या संस्थेबद्दल आपण बोलतोय तिचा एक मूळ नमुना तिथे आहे. आंद्रे आंत्वान नावाचा माणूस पॅरिसच्या गॅस कंपनीत कारकून होता. १८८७ साली त्यानं 'तेआत्र लिब्र', म्हणजे मुक्त रंगभूमी, सुरू केली. पहिल्या प्रयोगाला लागणारं फर्निचर त्यानं आईच्या घरून हातगाडीवर आणलं होतं. भुसावळच्या कुठल्याही हौशी कलाकाराला हे वाचून आपलाच माणूस भेटल्यासारखं वाटेल.

त्यानं केलं काय? रोजचं तिकीट विकायचं नाही, वर्षाची वर्गणी घ्यायची. सभासदांसाठीच प्रयोग. यामुळे दोन गोष्टी साधल्या. एक, सीझनच्या सुरुवातीलाच थोडे पैसे हातात आले. दोन, प्रयोग खाजगी असल्यामुळे सेन्सॉरचा त्रास कमी. इब्सेन, टॉलस्टॉय अशा लेखकांची नाटकं पॅरिसला या छोट्या जागेत दिसली. १८९४ मध्ये आंत्वान कर्जासकट बाहेर पडला. सात वर्षं, बस. पण युरोपात पुढे अशा संस्थांची रांग लागली. बर्लिनची 'फ्राय ब्यूने' १८८९ मध्ये याच धर्तीवर निघाली.

आपल्याकडे १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं. शिकलेली मंडळी, नवं नाटक, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या. ही संस्थाही फार वर्षं चालली नाही. पण मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारा कुणीही तिला वगळत नाही. संस्थेचं आयुष्य आणि संस्थेचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा नीट दिसतं.

स्पर्धेनं दिलेली तारीख

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५० च्या दशकात त्या वेळच्या मुंबई राज्यानं नाट्यस्पर्धा सुरू केली. पुढे महाराष्ट्राची हौशी राज्य नाट्य स्पर्धा म्हणून ती गावोगाव पोचली. जळगाव हे तिचं एक केंद्र, आणि आमचंही तेच.

या स्पर्धेबद्दल कुरकुर भरपूर होते. परीक्षक, निकाल, हॉलची अवस्था, सगळ्यांवर. पण इतिहास म्हणून बघितलं तर तिनं छोट्या संस्थांना एक अमूल्य गोष्ट दिली: तारीख. अमुक दिवशी पडदा वर जाणार. तारीख नसती तर निम्मी नाटकं तालमीतच विरली असती. आमच्या धंद्यात रिलीजची तारीख ठरली नाही तर कोड कधीच 'तयार' होत नाही, तसंच हे.

दोनच उदाहरणं देतो. १९६७ मध्ये 'रंगायन' संस्थेला स्पर्धेसाठी नाटक हवं होतं. विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' लिहून दिलं. अरविंद देशपांडे यांनी बसवलं, सुलभा देशपांडे यांनी बेणारेबाई केल्या. आणि १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा उभं राहिलं, तेही स्पर्धेसाठीच. आधुनिक मराठी नाटकाची जी दोन नावं जगभर घेतली जातात, ती दोन्ही हौशी संस्थांच्या सीझनमधून आली. त्या वर्षीच्या ताळेबंदात किती शिल्लक होती, हे आज कुणाच्याही लक्षात नाही.

आता या दोन्ही संस्थांचं पुढे काय झालं ते बघू. आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

शाळेतला हॉल

रंगायन १९६० साली निघाली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे ही त्यातली प्रमुख नावं. वर्गणीदार सभासद, मोजके प्रयोग, नवी नाटकं. आयनेस्कोचं नाटक मराठीत 'खुर्च्या' म्हणून आलं ते रंगायनमुळे. पण सत्तरच्या आसपास मतभेद झाले आणि संस्था फुटली.

१९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढली. गिरीश कार्नाडांचं 'तुघलक', तेंडुलकरांच्या अनुवादात, हे त्यांचं पहिलं नाटक. मोठं नाटक, मोठा फौजफाटा. पण संस्थेचं खरं नाव झालं ते एका हॉलमुळे. दादरची छबिलदास मुलांची शाळा. सुलभाताई तिथे शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू झाले.

इथे क्षणभर थांबा. तो हॉल नाट्यगृह नव्हता. दिवसभर मुलं, संध्याकाळी नाटक. विंगा नाहीत, उंच रंगमंच नाही, प्रेक्षक दोन हातांवर बसलेला. पण भाडं परवडणारं आणि तारीख मिळणारी. आणि आविष्कारनं केलेली मोठी गोष्ट म्हणजे तो हॉल स्वतःपुरता ठेवला नाही. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर, पुण्याची मंडळी, कोण कोण तिथे येऊन नाटक करून गेलं. त्यातून जे उभं राहिलं त्याला आपण 'छबिलदास चळवळ' म्हणतो. एका संस्थेचं नाव चळवळीला लागलं नाही, शाळेचं लागलं. जागेचं महत्त्व सांगायला आणखी काय हवं?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा सुटली. छबिलदास पर्व संपलं. पण आविष्कार संपली नाही. ती माहीमच्या महापालिका शाळेत गेली. परत शाळाच. मधे १९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले होते, तरी काम चालू राहिलं, त्यांच्या नावानं महोत्सव होत राहिला. चंद्रशाला हा मुलांचा विभाग 'दुर्गा झाली गौरी' सारखं नाटक पिढ्यान्पिढ्या नव्या मुलांना घेऊन करत राहिला. आणि अरुण काकडे २०१९ मध्ये जाईपर्यंत संस्थेचं काम बघत होते. काकडे हे नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात कधी नसायचं. तारखा घेणं, माणसं जमवणं, पत्रं लिहिणं, हिशोब ठेवणं, हे त्यांचं काम.

आमच्या क्षेत्रात एक शब्द आहे, 'बस फॅक्टर'. किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर तुम्ही धोक्यात आहात. आविष्कारचा हॉल गेला, संस्थापक गेले, तरी संस्था उभी राहिली. कारण काम एका माणसात अडकलं नव्हतं आणि दर वर्षी नवी मुलं आत येत होती.

दौंडचा डॉक्टर

आता 'घाशीराम'कडे. हे नाटक केलं ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पी.डी.ए.नं. भालबा केळकरांची, पन्नासच्या दशकापासून चालत आलेली, पुण्यातली मानाची संस्था. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे.

नाटकावर वाद झाला. नानांचं आणि पुण्याच्या ब्राह्मणांचं चित्रण अनेकांना खटकलं. १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या ज्येष्ठांनी नाटक थांबवलं. इथे कुणाला खलनायक करण्यात अर्थ नाही. ज्येष्ठांना संस्था जपायची होती, तरुणांना नाटक जपायचं होतं. अशी वेळ प्रत्येक संस्थेत कधी ना कधी येते.

तरुण मंडळी बाहेर पडली आणि मार्च १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' स्थापन झाली. १९७४ च्या जानेवारीत 'घाशीराम' पुन्हा सुरू झालं. १९८० मध्ये ते युरोपात गेलं. दरम्यान सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' १९७४ मध्ये, 'महापूर' १९७५ मध्ये, पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ मध्ये, 'बेगम बर्वे' १९७९ मध्ये. एका हौशी संस्थेचे हे सलग सीझन आहेत! आज एखाद्या संस्थेनं दहा वर्षांत यातलं एक केलं तरी आपण नाव काढू.

हे जमलं कसं? एक साधी बाब बघा. जब्बार पटेल डॉक्टर, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, बी. जे. मेडिकल कॉलेजात. सतीश आळेकर त्याच कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करत होते. कुणाचंही पोट नाटकावर नव्हतं. त्यामुळे नाटक थांबवलं गेलं तेव्हा त्यांचं घर थांबलं नाही, आणि नाटक चाललं तेव्हा गल्ला वाटून घ्यायची घाई नव्हती. दौंड हेही भुसावळसारखंच रेल्वेचं जंक्शन. गाडीच्या वेळापत्रकावर आयुष्य बेतणाऱ्या गावातला माणूस एवढं करून गेला, याचं मला फार अप्रूप आहे.

या गोष्टीचा आणखी एक पदर आहे, तो फारसा सांगितला जात नाही. १९८५ ते १९९४ या काळात थिएटर अकॅडमीनं फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं दोन उपक्रम चालवले. एक नव्या नाटककारांसाठी, दुसरा पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंस्था उभ्या राहाव्यात म्हणून. आळेकरांनी त्याची आखणी केली होती. म्हणजे बाहेरून पैसा आला तेव्हा तो केवळ स्वतःच्या पुढच्या नाटकात न घालता, दुसऱ्या गावच्या संस्थांवर आणि अजून लिहायच्या नाटकांवर घातला. छबिलदासमध्ये हॉल वाटून घेतला, इथे अनुदान वाटून घेतलं.

तीन खांब

एवढा सगळा इतिहास एका ओळीत सांगायचा तर असा. ना-नफा नाटक संस्था तीन खांबांवर उभी असते. परवडणारी जागा. दुसरीकडे पोट भरून नाटकाला वेळ देणारी माणसं. आणि नेमानं येणारा प्रेक्षक. भाव्यांचा प्रेक्षक आणि पैसा एकाच राजाकडे होता, तो गेला. गंधर्व मंडळीला प्रेक्षक होता, पण सगळ्यांचं पोट त्याच गल्ल्यावर. आविष्कारनं जागा सांभाळली, थिएटर अकॅडमीनं माणसं. जिथे तीनपैकी दोन खांब मजबूत होते तिथे तिसरा पुन्हा उभा करता आला. जिथे एकच होता तिथे संस्था संपली.

पैसा यात कुठे आहे? आहे, पण तो खांब नाही. तो या तिघांचा परिणाम आहे. म्हणून फक्त तूट बघून निर्णय घेणं मला पटत नाही.

कायद्यातही हा फरक आहे, गंमत बघा. आमच्यासारख्या संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदवलेल्या असतात. दर वर्षी ३१ मार्चला हिशोब बंद, मग ऑडिट, मग धर्मादाय आयुक्तांकडे. त्या कागदावर 'नफा-तोटा पत्रक' नसतं, 'उत्पन्न-खर्च पत्रक' असतं. शिल्लक राहिली तरी सभासदांत वाटता येत नाही. मग एखाद्या वर्षी तूट आली म्हणून दुकान बंद करायची भाषा का? तूट भरून काढायची असते. दुकानदार तोट्यातून बाहेर पडतो, संस्था तुटीतून पुढे जाते.

मग भुसावळचा सीझन कसा झाला?

आता आमचा रेट्रो. तीन खांब घेऊन.

जागा. तालीम एका शाळेच्या खोलीत, रात्री साडेआठनंतर. प्रयोगाला जळगाव गाठायचं, म्हणजे सेट टेम्पोत आणि आम्ही मेमू नाहीतर एसटीत. यंदा सगळ्यात जास्त खर्च भाडं आणि वाहतूक यावर झाला. नाटकावर नव्हे. म्हणजे तूट आहे ती कलेची नाही, किलोमीटरची आहे. याचा उपाय नाटक थांबवणं नाही. गावातल्या गावात, शाळेच्या हॉलमध्ये, कमी सामानात बसेल असं नाटक निवडणं हा आहे. छबिलदासमध्ये विंगा नव्हत्या, हे आठवा.

माणसं. आमच्याकडे रेल्वेतले दोघं, दीपनगरच्या वीज केंद्रातला एक, दोन शिक्षिका, एक औषध दुकानवाला. सगळ्यांची पोटं दुसरीकडे. हा खांब आपल्या गावाला न मागता मिळाला आहे. अडचण वेगळीच आहे. शिफ्ट ड्युटीमुळे पूर्ण तालीम आठवड्यातून एकदाच होते, आणि चांगला तयार झालेला मुलगा कॉलेज संपलं की पुण्याची गाडी पकडतो. यंदाही एक गेला. पण शिबिरातून चार मुलं आली, त्यातली एक मुलगी आता प्रॉम्प्टिंग करते आणि डिमर बोर्ड शिकते आहे. लाईटचा बस फॅक्टर एकवरून दोनवर गेला. हे ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहायचं?

प्रेक्षक. इथे आपण कच्चे आहोत. लोक येतात ते ओळखीनं. "आपला पोरगा आहे नाटकात" म्हणून. नाटकासाठी नेमानं येणारे हाताच्या बोटांवर. रंगायनचे वर्गणीदार, आंत्वानचे वर्गणीदार, ही कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि अजून चालते. वर्षाला तीन प्रयोगांची एकच वर्गणी, सीझनच्या आधी. जमा झाली तर काकांची निम्मी काळजी ऑगस्टमध्येच मिटेल.

म्हणून सभेत मी दुसरा ठराव मांडणार आहे. मोठं नाटक वर्षभर नको, हे काकांचं म्हणणं मान्य. पण स्पर्धेची तारीख सोडायची नाही. कमी सेटचं नाटक घेऊ. आधी तीन प्रयोग भुसावळातच, वर्गणीदारांसमोर. शिबिर चालू ठेवायचं. आणि वार्षिक अहवालात जमा-खर्चाच्या शेजारी एक पान वाढवायचं: कुठे जागा मिळाली, कोण नवीन काय शिकलं, कितीजण दुसऱ्यांदा आले.

काका हे ऐकून काय म्हणतील ते मला माहीत आहे. "पान वाढव, पण टेम्पोवाल्याचे पैसे कोण देईन?" बरोबर आहे त्यांचं. भाव्यांनाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून तर ते सांगलीहून निघाले. थांबले असते, तर आज मोजायला सीझनच नसता.

तुमच्या गावातली एखादी नाटक संस्था कशावर चालली किंवा कशामुळे बंद पडली, हे ठाऊक असेल तर नक्की कळवा. चोपडा, अमळनेर, धुळे, शिरपूर, कुठलीही. जुनी निमंत्रणपत्रिका, वर्गणीची पावती, हिशोबाची वही घरात पडली असेल तर रद्दीत देऊ नका. पुढचा इतिहास त्यातूनच लिहायचा आहे.

पुढच्या भागात खान्देशातल्या वहीगायनाबद्दल बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू.